‘गेट’, ‘मिळणे’ आणि इंदूरची मराठी

इंदूरहून पुण्याला लग्नकार्यासाठी आलेला एखादा पाहुणा वधूपक्षाच्या वडीलधाऱ्या मंडळींना वाकून नमस्कार करतो आणि मोठ्या आदबीने म्हणतो, “आपल्याला मिळून फार आनंद झाला.” मंडळी क्षणभर गप्प होतात. मागे उभी असलेली तरुण मुले एकमेकांकडे पाहून हसू दाबतात. पाहुण्याच्या बोलण्यात मालवी जिव्हाळा ओसंडत असतो, पण पुणेरी कानाला ते वाक्य अर्धवट वाटते. मिळून म्हणजे काय मिळून? आणि कोणाला? पाहुणा मात्र आपण काही चुकीचे बोललो याची कल्पनाही नसताना आणखी एक वाक्य टाकतो, “उद्या मामांना मिळायचे आहे.” आता हसू दाबणे कठीण होते. कारण पुण्याच्या मराठीत माणूस माणसाला ‘भेटतो’. तो ‘मिळतो’ तो फक्त शत्रूला, आणि तेही फितुरी करून.

हा विनोद जुना आहे. इंदूरप्रमाणेच ग्वाल्हेर आणि बडोदे येथील मराठी मंडळीही त्याला सरावलेली आहेत. तो हिंदी-गुजराती शेजारामुळे घडतो, एवढे सांगून बहुतेक जण विषय संपवतात. परंतु या एका क्रियापदाच्या गोंधळात हिंदीच्या जोडीला तिसरी एक भाषा दडलेली असते, आणि ती म्हणजे शाळेत शिकवली जाणारी इंग्रजी. इंग्रजीच्या तासाला ‘गेट’ या क्रियापदाचा अर्थ मुलांना सांगितला जातो तो ‘मिळणे’. अर्थ बरोबर आहे, अगदी पहिल्या इयत्तेपुरता. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळाले. पुणे, इंदूर, नागपूर, कोठेही या वाक्याबद्दल वाद नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. इंदूरच्या मुलाच्या घरी ‘मिळणे’ या शब्दाच्या पोटात ‘भेटणे’ही असते. मग “काल मी काकांना मिळालो” या वाक्याचे इंग्रजी करताना त्याने ‘आय गॉट माय अंकल यस्टरडे’ असे लिहिले, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याला शिकवलेल्या दोन गोष्टी त्याने प्रामाणिकपणे जोडल्या, एवढेच.

इंग्रजीत जी क्रियापदे दिसायला लहान, ती अर्थाला विस्तीर्ण असतात. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 हून अधिक अर्थ नोंदलेले होते. पुढे त्याच कोशाच्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांसह त्याला मागे टाकले. ‘गेट’ याच कुळातले. ते स्वतः काही करीत नाही, पण प्रत्येकाच्या मदतीला धावते. पत्र आले तरी ‘गेट’, राग आला तरी ‘गेट’. भिजलो, पोचलो, समजले, लग्न झाले, मार बसला, घर रंगवून घेतले, अंथरुणातून उठलो, आजारातून उठलो, या सर्व ठिकाणी इंग्रज माणूस याच एका शब्दाने भागवतो. त्याच्या मागे ‘अप’, ‘ओव्हर’, ‘अवे’, ‘बाय’, ‘ऑन’ असे एकेक शेपूट जोडले की नवे क्रियापद तयार! ‘गेट अवे’ म्हणजे निसटणे, ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे निभावणे, ‘गेट ऑन’ म्हणजे कधी गाडीत चढणे तर कधी एखाद्याशी पटणे. दारातल्या लोखंडी फाटकालाही आपल्याकडे ‘गेट’ म्हणतात, तो शब्द निराळा. पण इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला दोन्ही सारखेच आडवे येतात.

मराठी या एका शब्दाचे काम किती जणांत वाटून देते, हे पाहण्यासारखे आहे. राग येतो, ताप येतो, झोप येते. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नोकरीही लागते. उशीर होतो, शिक्षा होते, लग्न होते. मार बसतो किंवा खावा लागतो. अर्थ कळतो, मर्म उमगते, गोष्ट ध्यानात येते. यातल्या बहुतेक वाक्यांत माणूस कर्ता नाहीच. ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ अशा चतुर्थीच्या रूपात तो एका जागी बसलेला आहे आणि राग, ताप, भूक, अर्थ ही सारी आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे येत आहेत. इंग्रजीचा ‘आय’ मात्र ताप येण्याच्या बाबतीतही कर्तेपण सोडत नाही. जणू तो स्वतः बाजारात जाऊन ताप घेऊन आला! ‘आय गॉट फीव्हर’ या वाक्याचे ‘मी ताप मिळवला’ असे भाषांतर कोणी केले तर वर्ग हसेल. पण त्या हसण्यात दोन भाषांच्या स्वभावातला हा भेद मुलांना कोणी दाखवून देत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यांना निदान एवढे ठाऊक होते की, भाषांतर करायचे ते वाक्याचे, सुट्या शब्दाचे नव्हे. शब्दाला शब्द ठेवणारी छोटी ‘मीनिंग्ज’ची वही आली आणि ही जाण पातळ झाली.

‘हॅव गॉट’चा प्रकार तर विशेषच फसवा. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे “मला दोन भाऊ आहेत.” येथे ‘मिळणे’ घातले, तर जत्रेत हरवलेले दोन भाऊ पोलिसांनी शोधून आणून दिले असे वाटेल. आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ यात मिळण्याचा काहीच संबंध नाही. तेथे “मला गेले पाहिजे” किंवा “मला जावे लागेल” असे म्हणावे लागते. काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचे असेल तेव्हाही इंग्रज ‘गेट’च म्हणतो, मराठीने त्यासाठी क्रियापदाच्या पोटातच सोय केली आहे. घर रंगवून घेतले, सही करवून घेतली. ‘वून घेणे’ या चार-पाच अक्षरांत दुसऱ्याची मेहनत आणि आपला फायदा दोन्ही येतात.

क्रिकेटचे उदाहरण इंदूरला सहज समजेल. होळकर संघाने 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 अशा चार हंगामांत रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांची नावे आजही या शहरात अभिमानाने घेतली जातात. इंग्रजी समालोचक शतकवीराबद्दल ‘ही गॉट अ हंड्रेड’ म्हणतो आणि पुढच्याच चेंडूवर ‘ही गॉट आउट’ म्हणतो. शब्द तोच, आधी कमाई, मग गच्छंती. मराठीत फलंदाज शतक ‘काढतो’ किंवा ‘ठोकतो’ आणि नंतर ‘बाद होतो’. येथे मराठीने कमाईला एक शब्द दिला आहे आणि गच्छंतीला दुसरा. क्रिकेटची भाषा मराठीत घडवणाऱ्यांनी ‘बाद’ हा फारसी शब्द इतक्या सहजतेने बसवला की, तो परका आहे हे आता कोणाच्या मनातही येत नाही.

हिंदीचे ‘मिलना’ मात्र या बाबतीत काहीसे ‘गेट’सारखे उदार आहे. पत्र मिलता है, नौकरी मिलती है, दोस्त मिलता है, हिसाब मिलता है, शक्ल मिलती है, नदी सागर से मिलती है. वस्तू लाभणे आणि माणूस भेटणे यांत हिंदीला भिंत घालावीशी वाटली नाही. तिने भेद केला तो दुसरीकडे: ‘मुझे राम मिला’ म्हणजे राम वाटेत सहज भेटला, आणि ‘मैं राम से मिला’ म्हणजे ठरवून जाऊन त्याची गाठ घेतली. इंदूरच्या मराठी घरात हीच दोन्ही वाक्ये “मला राम मिळाला” आणि “मी रामाला मिळालो” अशी उतरली. पहिले वाक्य ऐकून पुण्याच्या माणसाला वाटते, राम हरवला होता आणि सापडला. दुसरे ऐकून वाटते, बोलणारा रामाच्या पक्षाला जाऊन सामील झाला.

होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ. मल्हाररावांनी माळव्यात पाय रोवले, अहिल्याबाईंनी महेश्वरी राहून 1795 पर्यंत राज्य चालवले आणि 1818 साली मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. राज्यकर्त्यांबरोबर आणि त्यांच्यामागून आलेली कारकून, भिक्षुक, वैद्य, शिक्षक, सैनिक अशी मराठी कुटुंबे दोन-अडीच शतके या मुलखात राहिली. भाजी मालवीत घ्यायची, कापडाचा भाव हिंदीत करायचा, देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी बोलायची, आणि 1891 साली होळकर कॉलेज निघाल्यावर मुलाने इंग्रजी शिकायची, असा क्रम. अशा घरात ‘मिळणे’ या शब्दाच्या एका कोनाड्यात ‘मिलना’ येऊन बसले, यात नवल नाही. नवल असेल तर ते हे की, एवढ्या काळात बाकीची मराठी इतकी शाबूत राहिली.

आता दोष द्यायला निघण्यापूर्वी शब्दाच्या मुळाशी थोडे जावे. संस्कृतात ‘मिल्’ या धातूचा अर्थच मुळी एकत्र येणे, भेटणे, जुळणे असा आहे. लाभ होण्याचा अर्थ नंतरचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 सालची आणि दुसरी, वाढवलेली, 1857 सालची. त्यातही या क्रियापदाखाली लाभण्याबरोबर मिसळणे, एकत्र येणे हे अर्थ आहेत. आजच्या मराठीतही जुन्या अर्थाच्या खुणा जागोजाग सापडतात. नदी समुद्राला मिळते. जमाखर्च मिळतो किंवा मिळत नाही. चेहरेमोहरे मिळतेजुळते असतात. शेजारीपाजारी मिळून मिसळून राहतात. मेळ, मेळा, मेळावा ही याच घराण्यातली मंडळी. आणि ज्या सोहळ्याला मराठी साहित्यिक दरवर्षी मोठ्या हौसेने जमतात, ते ‘संमेलन’ तरी दुसरे काय आहे? ‘सम्’ उपसर्ग लावलेले ‘मिळणे’च. असे मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917 साली ग. ज. आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, 1935 साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या, आणि 2001 साली विजया राजाध्यक्ष यांच्या. योगायोग असा की, त्याच 1935 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही इंदुरातच झाले. ते 1918 सालीही येथेच त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाले होते. एका शहरात एका वर्षी दोन भाषांचे लेखक ‘मिळाले’, आणि त्या शब्दाला कोणी हसले नाही.

गंमत आणखी पुढे आहे. इंदूरच्या ‘मिळणे’ला हसणाऱ्या महाराष्ट्रातच याच्या बरोबर उलट चाल दिसते. विदर्भात, मराठवाड्यात, मुंबईच्या गिरणगावात आणि चाळीत “दुकानात साखर भेटली नाही”, “पगार भेटला का?”, “गाडी भेटली नाही” अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. इंदुरात माणसे मिळतात, तर येथे साखर भेटते! शिक्षक हेही चूक म्हणून तांबड्या शाईने खोडतात. पण ‘भेट’ या नामाचे अर्थ पाहिले तर खोडणारा हात थबकावा: भेट म्हणजे गाठ पडणे, आणि भेट म्हणजे नजराणाही. माणूस भेटला की हातात काही तरी येतेच, असे जुन्या दरबारी शिरस्त्याने मानले असावे. भेटणे आणि लाभणे यांच्यामधला बांध लोकांनी दोन्ही बाजूंनी ओलांडला आहे. प्रमाण मराठीने तो बांध जपला, हे तिचे वैशिष्ट्य. माणसासाठी एक शब्द आणि वस्तूसाठी दुसरा असणे ही श्रीमंतीच आहे, आणि ती गमावू नये. परंतु बांध ओलांडणाऱ्याला अडाणी ठरवण्याइतका तो काही देवाने आखून दिलेला नाही.

स्वतः ‘गेट’चे चरित्रही या दृष्टीने बोधप्रद आहे. हा शब्द अस्सल इंग्रजांच्या घरचा नव्हे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक आधी लुटीसाठी आणि मग वस्तीसाठी आले; त्यांच्या बोलीतले ‘गेता’ हे क्रियापद शेजारच्या इंग्रजांच्या बोलीत शिरले. तेथे ‘फर्गेट’सारख्या शब्दांत त्याचे एक जुने भावंड आधीच होते, पण सुटे, धावते-पळते ‘गेट’ या पाहुण्यांचे. ‘स्काय’, ‘एग’, ‘विंडो’, ‘टेक’ आणि ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांच्याच शिदोरीतले. वस्तीला आलेल्या लोकांचा शब्द शेजाऱ्यांच्या तोंडी इतका बसला की, आज त्याच्यावाचून इंग्रजीचे पान हलत नाही. तरीही इंग्लंडमधल्या शाळामास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बजावले की, निबंधात ‘गेट’ आणि ‘गॉट’ वापरू नका, ते गावंढळ दिसते. मुले निबंधात ‘रिसीव्ह’ आणि ‘ऑब्टेन’ लिहीत राहिली आणि मैदानात ‘गेट’ म्हणत राहिली.

अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलेल्यांची कथा तर इंदूरकरांना आपलीच वाटावी. या क्रियापदाचे ‘गॉटन’ हे जुने रूप ते आपल्याबरोबर घेऊन गेले आणि त्यांनी ते जपले. मागे इंग्लंडात ते रूप मोडीत निघाले, सर्वत्र ‘गॉट’ झाले. मग इंग्रज लोक अमेरिकनांचे ‘गॉटन’ ऐकून नाके मुरडू लागले. ज्याला ते बिघाड म्हणत होते, ते त्यांच्याच आजोबांचे बोलणे होते. इंदूरच्या ‘मिळणे’ची गोष्ट तंतोतंत अशीच आहे असे म्हणता येणार नाही; तिच्यामागे हिंदीचा रोजचा रेटा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या रेट्याने शब्दाला नेऊन पोचवले ते त्याच्या जुन्या घराच्याच ओसरीवर.

हा प्रश्न केवळ कोशकारांच्या करमणुकीचा असता तर त्यावर इतके बोलण्याचे कारण नव्हते. पुण्यामुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेला इंदूरचा मुलगा पहिल्याच आठवड्यात “मी तुला संध्याकाळी मिळतो” असे म्हणतो, खोलीतले चौघे हसतात, आणि महिनाभर त्याला त्याच वाक्याने हाका मारतात. थट्टेत द्वेष नसतो. पण मुलगा शहाणा असतो. तो त्यानंतर त्या खोलीत हिंदीत बोलू लागतो. हिंदीत त्याला कोणी हसत नाही. कार्यालयात इंग्रजी आहेच. तेथे ‘आय विल मीट यू’ म्हटले की काम झाले. सुटीत घरी आला की आजीशी मराठी, लग्न झाल्यावर बायकोशी जी भाषा सोयीची ती, आणि मुलांशी हिंदी किंवा इंग्रजी. दोन-अडीच शतके परमुलखात टिकलेली मराठी अशा एखाद्या खोलीतल्या हसण्याने एका घरातून निघून जाते, आणि तिला निरोप द्यायलाही कोणी नसते. इंदूरच्या मराठीला धोका हिंदीचा म्हणून सांगितला जातो. हिंदीने तर तिला शेजार दिला, शब्द दिले. तिला गप्प बसवण्याचे काम पुष्कळदा महाराष्ट्रातल्या आप्तांनीच केले आहे.

याचा अर्थ मुलाने निबंधात “शिक्षकांना मिळालो” असेच लिहावे असा मुळीच नाही. लिहिताना ‘भेटलो’ हवे, आणि ते त्याला शिकवले पाहिजे. प्रश्न आहे तो कसे शिकवावे याचा. इंदुरातल्या ज्या घरांतून अजून मराठी पुस्तक उघडले जाते, तेथे हे काम शाळेपेक्षा आजी-आजोबाच चांगले करू शकतात. एका कागदावर तीन रकाने आखावेत: इंग्रजी, हिंदी, मराठी. पहिल्यात ‘गेट’ची वाक्ये, दुसऱ्यात हिंदीची, तिसऱ्यात मराठीची. मुलाला काही वेळातच दिसते की इंग्रजीच्या रकान्यात एकच शब्द बसून आहे, हिंदीत ‘मिलना’, ‘आना’, ‘लगना’, ‘होना’ अशी गर्दी सुरू झाली आहे आणि मराठीत तर प्रत्येक ओळीला नवे क्रियापद येते आहे. ‘भेटणे’ हा शब्द मग त्याला चुकीची दुरुस्ती म्हणून येत नाही, आणखी एक शब्द लाभला म्हणून येतो. आणि घरात आजोबा “आज राजवाड्यावर जुना मित्र मिळाला” असे म्हणाले, तर नातवाने त्यांना दुरुस्त करू नये. ते वाक्य त्यांच्या वडिलांचे आहे.

त्या कागदावर एक ओळ टेलिफोनची जरूर घालावी. ‘आय कुडंट गेट हिम ऑन द फोन’ असे इंग्रज म्हणतो. हिंदीत ‘फोन नहीं मिला’ किंवा ‘नहीं लगा’. पुण्याला “फोन लागला नाही.” इंदूरची आजी मात्र अजून म्हणते, “दोनदा लावला ग, पण तू मिळालीच नाहीस.” पलीकडे पुण्यात दिलेल्या लेकीला ते वाक्य नीट कळते.